वाचकांचे प्रश्न: स्काउट चाकूचं वय कसं ठरवायचं?

प्रश्न: अमेरिकन बॉय स्काउटचा एक घडीचा चाकू पाहिला. चार अवजारं, अडकवायला कडी, मुठीवर स्काउटचं चिन्ह, मोठ्या पात्यावर 'अल्स्टर यूएसए'. विकणारा तो १९२५ च्या आसपासचा आहे म्हणतो. पटण्यासारखं आहे का?

नाही. मुठीवरच्या चिन्हावरून साल ठरवू नका, ते अनेक दशकं वापरात होतं. आधी मोठं पातं उघडा आणि धार संपून खिळ्यापर्यंत जो सपाट बुंधा राहतो तो पाहा. कंपनीचा छाप तिथेच असतो. दहापट भिंग घ्या आणि उजेड समोरून न पाडता बाजूने, अगदी आडवा पाडा. झिजलेली अक्षरंही त्यात उठून दिसतात. खडू किंवा पॉलिश चोळून ती 'उठवू' नका.

अल्स्टर ही न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलची चाकू कंपनी. तिचा जुना छाप 'अल्स्टर नाइफ कं.' असा आहे. नुसतं 'अल्स्टर यूएसए' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं किंवा त्यानंतरचं. म्हणजे १९२५ इथेच निकालात निघालं.

आता मूठ पाहा. खरं हाड असेल तर भिंगाखाली बारीक छिद्रं आणि रेषा दिसतात, दोन्ही बाजूंचा रंगही सहसा तंतोतंत जुळत नाही. डेलरिन या प्लॅस्टिकवर हाडासारखेच खाचखळगे असतात, पण छिद्रं नसतात आणि दोन्ही बाजू साच्यातून काढल्यासारख्या सारख्या दिसतात. डेलरिनचं व्यापारी उत्पादन १९६० साली सुरू झालं. मूठ मूळची असून डेलरिनची असेल, तर चाकू त्याआधीचा असूच शकत नाही.

डबा उघडायच्या पात्यावर पेटंटचा आकडा असला तर तो जरूर टिपून घ्या. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ साली, वीस लाखावं १९३५ साली आणि तीस लाखावं १९६१ साली निघालं. त्यामुळे २३ लाखांच्या घरातला आकडा असेल तर चाकू १९३५ नंतरचाच. मात्र पेटंटवरून 'याच्या आधीचा नाही' एवढंच कळतं, कारण तोच आकडा पुढे कित्येक वर्षं छापला जाई. चाकूचं वय नेहमी त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागावरून ठरवा.

प्रश्न: मग १९४० पूर्वीचा चाकू हवा असेल तर कोणते छाप शोधावेत?

संघटना १९१० ची. सुरुवातीचे अधिकृत चाकू वॉल्डनच्या न्यूयॉर्क नाइफ कंपनीचे. ही कंपनी १९३१ साली बंद पडली, म्हणून तिचा छाप असला की वरची मर्यादा आपोआप मिळते. रेमिंग्टनने १९२० ते १९४० या काळात चाकू केले. त्यांचा आरएस३३३३ हा प्रसिद्ध स्काउट नमुना. कब स्काउटचं, म्हणजे लहान मुलांच्या शाखेचं, चिन्ह असेल तर १९३० च्या आधी जाऊ नका, ती शाखाच त्या साली सुरू झाली.

खोक्यावर संघटनेचा पत्ता असला तर तोही कामाचा. न्यू ब्रन्सविक, न्यू जर्सी असेल तर १९५४ ते १९७९, अर्व्हिंग, टेक्सास असेल तर त्यानंतरचा. पण खोकं चाकूचंच आहे ना हे आधी पाहा. जुन्या खोक्यात नवा चाकू घालणं सगळ्यात सोपं.

प्रश्न: पातं बदललेलं आहे हे कसं ओळखायचं?

खिळ्याची डोकी पाहा. बाकी टोपी (मुठीच्या टोकावरचा धातूचा भाग) मळकट आणि एका खिळ्याभोवती ताजी चमक, घासल्याचे वर्तुळाकार ओरखडे किंवा हातोडीचे ठोके असतील तर चाकू उघडून पुन्हा ठोकलेला आहे. मग चाकू मिटून उजेडासमोर धरा. पितळी पट्टी आणि स्प्रिंग यांच्यामधून फटीतून उजेड आला तर शंका आणखी पक्की. एकाच पात्याचा करडा रंग इतरांहून वेगळा असणं, हीसुद्धा खूण. पातं मिटल्यावर टोक मुठीत फार खोल जात असेल तर ते बदललेलं नसून दगडावर घासून झिजलेलं असण्याचा संभव जास्त, आणि किंमत त्यानेही उतरते.

प्रश्न: पेटीत ठेवलेल्या रंगीत मुठीच्या चाकूंची पाती मुठीलगत गंजू लागली आहेत. शेजारचे चाकूही गंजत आहेत.

मूठ सेल्युलॉइड या जुन्या काळच्या प्लॅस्टिकची असणार. जवळ नेल्यावर कापरासारखा वास येतो का पाहा. सेल्युलॉइड विघटू लागलं की आम्लाच्या वाफा सोडतं. त्या पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा थर आणतात. तो चाकू आजच वेगळा काढा आणि हवा खेळेल अशा जागी, उघडाच ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या डबीत वाफ कोंडते आणि काम आणखी बिघडतं. तापलेल्या सुईने परीक्षा करायची पद्धत ऐकली असेल, ती इथे अजिबात करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

शेजारच्या चाकूंच्या लाल गंजावर हलक्या खनिज तेलाचा थेंब सोडा, रात्रभर राहू द्या आणि लाकडी काडीने खरवडा. करडा थर तसाच राहू द्या. छापाची अक्षरं त्या थराखालीच आहेत, आणि पॉलिशच्या चाकावर धरलं की आधी तीच जातात.