अमेरिकेतली राज्ये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून टेक्सासला राहायला गेला. 90 दिवसांत तिथले ड्रायव्हिंग लायसन्स काढावे लागेल, असे त्याला सांगण्यात आले. देश एकच ना?

उत्तर : देश एक, पण लायसन्स देते राज्य. आपल्याकडे मोटार वाहन कायदा संसदेचा आणि अंमलबजावणी आरटीओची. तिथे कायदाच राज्याचा असतो. केंद्राला जे अधिकार दिलेले नाहीत आणि राज्यांना ज्यांची मनाई नाही, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असे 1791 च्या दहाव्या घटनादुरुस्तीने नमूद केले. आपल्या घटनेत शेषाधिकार केंद्राकडे आहेत, म्हणजे नेमके उलट. मुलाला पेट्रोल पंपावरही फरक जाणवेल. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने मनाई आहे, त्यामुळे काच खाली करून सांगितले की काम होते; टेक्सासमध्ये खाली उतरून नळी आपणच हातात घ्यायची.

प्रश्न : मग मद्य खरेदीचे किमान वय सगळीकडे 21 कसे?

उत्तर : पैशामुळे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1984 मध्ये राज्यांना थेट हुकूम सोडला नाही. जे राज्य वय 21 करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीचा काही हिस्सा रोखला जाईल, एवढेच ठरवले. साउथ डकोटात 19 व्या वर्षी सौम्य बिअर मिळत असे. ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी हरले. मात्र गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्ययोजनेचा विस्तार न करणाऱ्या राज्यांचे जुने अनुदानही थांबवण्याची तरतूद आली, तेव्हा 2012 मध्ये न्यायालयाने केंद्राला अडवले आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तिला डोक्याला लावलेल्या बंदुकीची उपमा दिली. आमिष कुठे संपते आणि जबरदस्ती कुठे सुरू होते, याचे नेमके माप मात्र न्यायालयाने दिले नाही, आणि माझ्या मते ते देता येण्यासारखेही नाही.

प्रश्न : अधिकार सारखेच असताना राज्यांचा कारभार इतका वेगळा का?

उत्तर : सरकारकडून लोकांची अपेक्षाच वेगळी असते. डॅनियल एलाझार या राज्यशास्त्रज्ञाने 1966 मध्ये तीन प्रवृत्ती मांडल्या : राजकारणाला लोकहिताचे कर्तव्य मानणारी, त्याला बाजारातला व्यवहार समजणारी आणि जुनी उतरंड जपणारी. मिनेसोटा पहिल्या प्रवृत्तीचे. तिथे मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते. टेक्सासमध्ये दुसरी व तिसरी मिसळलेली. तिथे नोंदणी 30 दिवस आधी हवी, आणि विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, फार तर 140 दिवस. ही विभागणी ढोबळ आहे, राज्याची रास म्हणून ती वाचू नये. स्थलांतराने राज्ये बदलतात.

प्रश्न : काँग्रेस एखादे राज्य तोडू शकते का?

उत्तर : त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय नाही. आपल्याकडे कलम 3 नुसार राज्याचे केवळ मत मागवले जाते. 1960 मध्ये मुंबई राज्याची विभागणी झाली ती संसदेच्या कायद्याने. वेस्ट व्हर्जिनिया 1863 मध्ये वेगळे झाले, तेव्हा यादवी युद्ध चालू होते आणि व्हर्जिनिया संघराज्याविरुद्धच्या बंडात सामील होते, आणि संमती दिली ती संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्यांच्या प्रतिसरकारने.