वडिलांचा जुना पेंटॅक्स के१००० हा रोलचा कॅमेरा घेऊन मुंबईत दिवसभर पायी फिरत ब्लॅक अँड व्हाइट स्ट्रीट फोटो काढायचेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लेन्स ५० एमएमची आहे, उजेड मोजणारं मीटर चालतं की नाही माहीत नाही, आणि किती रोल लागतील, कुठून कुठे चालावं, लोक चिडतात का. मी गेली आठ-नऊ वर्षं वर्षातून चार-पाचदा हेच करतो, सीएसएमटीपासून क्रॉफर्ड मार्केट, झवेरी बाजार, मुंबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक, खोताची वाडी आणि शेवटी गिरगाव चौपाटी. सरळ चालत सुटलं तर दीड तासाचं काम, मला सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत पुरतं. तेव्हा जे सांगतोय ते या एका वाटेवरचं, बाकी शहराचं मला विचारू नका.

रोल दोनच घ्या, म्हणजे ७२ फ्रेम. पहिल्यांदा मी पाच नेले होते आणि क्रॉफर्ड मार्केटपाशीच दोन उडवले, मोबाइलची सवय, दिसलं की दाबलं. धुऊन बघतो तर सगळ्या लोकांच्या पाठी. चालता चालता फोटो काढले की हेच होतं, माणूस पुढे जातोय आणि आपण त्याच्यामागे. आता मी आधी ऊन कुठे पडलंय ते बघतो, त्याच्यामागे काय आहे ते बघतो, आणि तिथे उभा राहतो, वीस मिनिटं, कधी अर्धा तास, कोण त्या उन्हात येतंय ते बघत. दिवसभराच्या चालण्यातलं निम्मं हे उभं राहणंच असतं. चहावाल्याला वाटतं कुणाची तरी वाट बघतोय, तसं बघायला गेलं तर बरोबरच आहे त्याचं.

फिल्म इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही ४०० आयएसओच्या (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा), जी मिळेल ती. यावर लोक तासन्‌तास भांडतात, तुम्ही पहिल्या दिवशी त्या भानगडीत पडू नका. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे आदल्या दिवशीच जाऊन घ्या. रोल, धुणं आणि स्कॅन धरलं तर एका रोलमागे हजाराच्या वर सहज जातात, दोनच घ्या म्हणतोय त्यामागे हेही आहेच.

मीटरला बटन सेल लागतो, बंद असलं तरी अडत नाही कारण के१००० पूर्ण मेकॅनिकल आहे, शटर सेलशिवाय चालतं. (मीटरला स्विच नाही, लेन्सवर झाकण लावलं तरच ते झोपतं, नाहीतर सेल संपतो.) मी तर मीटरकडे फारसं बघतच नाही. ४०० च्या फिल्मला कडक उन्हात एफ/१६ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) आणि १/५०० (शटर सेकंदाचा किती भाग उघडं राहतं ते), उघड्या सावलीत एफ/५.६ आणि १/२५०, गल्लीत आत शिरलात की एफ/४ आणि १/१२५, मार्केटच्या आत छपराखाली एफ/२ आणि १/६०. एवढं कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि शंका आली की उजेड जास्त द्या, निगेटिव्हला जास्तीचा उजेड पचतो, पण सावलीत जे आलंच नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही.

फोकसचंही तसंच. एफ/११ ला लेन्स ३ मीटरवर लावून ठेवली तर साधारण सव्वादोन ते पाच मीटरमधलं सगळं चालण्यासारखं शार्प येतं. मग माणूस फ्रेममध्ये आल्यावर रिंग फिरवत बसावं लागत नाही, फक्त तुम्हाला तीन मीटर म्हणजे किती ते डोळ्याने कळायला हवं. घरी फरशा मोजून सराव करा, हसू नका, मी केलाय.

आता उजेड. मे महिन्यात जाऊ नका. मेच्या मध्याला मुंबईत भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. डिसेंबरात भर दुपारीही तो ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर लांब असतात, ब्लॅक अँड व्हाइटला आणखी काय पाहिजे. पण झवेरी बाजार आणि भुलेश्वरच्या गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत की खालपर्यंत ऊन साधारण दहा ते दोनमध्येच उतरतं, तेही पट्ट्या पट्ट्यांनी. म्हणून मी सकाळ क्रॉफर्ड मार्केटला घालवतो आणि गल्ल्या दुपारसाठी ठेवतो. रविवार नको, झवेरी बाजाराची शटरं खाली असतात, शनिवार बरा.

क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ सालची, दारावर दगडात कोरलेली चित्रं आहेत ती लॉकवुड किपलिंगची, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. सगळे नवे लोक ती काढतात, तुम्हीही काढाल, काढा एक, पोस्टकार्ड होतं त्याचं. त्यापेक्षा दाराच्या आत उभं राहून बाहेर बघा. डोक्यावर टोपली घेतलेले पाटीवाले आत येतात तेव्हा मागे रस्त्याचं ऊन असतं आणि नुसता आकार उरतो, टोपली, मान, खांदा. मला आजवरचा सगळ्यात बरा फोटो तिथेच मिळाला, चौथ्या फेरीत, म्हणजे वर्षभराने.

भुलेश्वरच्या फूलगल्लीत मात्र मी सपशेल आपटलो. समोर झेंडूचा डोंगर, मागे हिरवी पानं, बाईंची लाल साडी, डोळ्यांना मेजवानी, आणि निगेटिव्हवर सगळं एकाच राखाडी रंगाचं, झेंडू कुठे संपला आणि पानं कुठे सुरू झाली तेच कळेना. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसले तरी फिल्मवर बऱ्याचदा एकच होतात. पिवळा फिल्टर लावला की झेंडू थोडा उजळतो, पानांपासून सुटतो. तुमच्याकडे ५० एमएम एफ/२ ची लेन्स असेल तर ४९ एमएमचा फिल्टर लागेल, आणि तो साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो हे कागदावर लिहून ठेवा. तरी खरं सांगायचं तर रंगामुळे थांबलो असेन तर मी आता फोटोच काढत नाही, बघून घेतो आणि पुढे जातो.

लोक चिडतात का? चिडतात, पण कमी, आणि बहुतेक वेळा आपण चोरून काढतोय असं वाटलं की. होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्याच जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्या वापरायच्या त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यामध्ये वरून खाली मान घालून बघायचं असतं, म्हणजे समोरच्याला कुणी डोळे रोखलेत असं वाटत नाही. आपला कॅमेरा डोळ्याला लागतो आणि चेहरा झाकला जातो, तिथेच माणूस ताठ होतो. म्हणून मी कॅमेरा गळ्यात, उघडा, सगळ्यांना दिसेल असा ठेवतो, आणि काढून झाल्यावर मान हलवून हसतो, पळ काढत नाही. "किधर छपेगा?" हे दहातले आठ जण विचारतात. पोरं तर लगेच मागे येऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो शोधतात, तिथे नुसतं काळं झाकण, मग आपल्यालाच वेड्यात काढतात. फुटपाथवर झोपलेली माणसं, नळावर अंघोळ करणारे, हे मी काढत नाही, कायद्यासाठी नाही, मला स्वतःचा कुणी काढलेला आवडणार नाही म्हणून. आणि खोताची वाडी म्हणजे लोकांची राहती घरं आहेत, तिथले लोक कॅमेऱ्यांना वैतागलेत, दारात बसलेल्या आजींना आधी विचारा, नाही म्हणाल्या तर नाही. पुढच्या फेरीला पोस्टकार्ड साइजची प्रिंट नेऊन दिलीत तर त्या गल्लीत तुम्हाला पुन्हा कुणी काही म्हणणार नाही, एका हातगाडीवाल्याने तर माझी प्रिंट बघून "काळा जरा जास्तच केलास" म्हणून तक्रार केली.

धुवायला देताना लॅबवाल्याला ब्लॅक अँड व्हाइट हे दोनदा सांगा. माझा एक रोल एका लॅबने रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये टाकला, त्यातलं ब्लीच चांदीवर काम करतं आणि इथे चित्रच चांदीचं, त्यामुळे परत आली ती कोरी पारदर्शक पट्टी. तेव्हापासून घरीच धुतो. एचपी५ ला डी-७६ हे डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल) एकास एक पाण्यात, २० अंशांना ११ मिनिटं, पण आपल्या नळाला २० अंशांचं पाणी कुठलं, मी बर्फाचे तुकडे पिशवीत घालून २४ वर आणतो आणि आठ मिनिटांच्या आसपास ठेवतो. पाच मिनिटांच्या खाली वेळ गेली की पट्टे येतात. तुम्ही पहिले दोन-चार रोल चांगल्या लॅबला द्या, हे नंतर.

निघायच्या आधी कॅमेराही बघून घ्या. लेन्समध्ये मोबाइलची टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, आपल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास धरते. मागच्या दाराच्या कडेचा काळा फोम इतक्या वर्षांत चिकट होऊन गळतो आणि तिथून उजेड शिरतो, तो बदलून घ्या. रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडचा रिवाइंड नॉब फिरतोय ना ते बघा, फिरत नसेल तर फिल्म अडकलीच नाही, मी एकदा चौपाटीपर्यंत अख्खा दिवस हवा शूट केलीय.

आणि हे सगळं मागचं दार उघडल्यावर, त्याच्या आधी एक. आमच्या काकांचा कॅमेरा मला मिळाला तेव्हा मी उत्साहात खाटकन दार उघडलं, आत अर्धा रोल होता. लगेच बंद केलं, धुऊन आणला, बाहेरचे सगळे वेढे जळालेले, आतल्या पहिल्या चार फ्रेम वाचल्या होत्या. जुन्या घराची गॅलरी, आणि कडेला कपडे वाळत घालणाऱ्या काकूंचा नुसता हात. पुढे काय होतं ते काकांनाही आठवत नव्हतं. तर तुम्ही आधी तो रिवाइंड नॉब हळूच बाणाच्या दिशेने फिरवून बघा, अडला तर आत रोल आहे, खालचं बटन दाबून पूर्ण गुंडाळून घ्या, मगच दार उघडा आणि वडिलांना विचारा त्यात काय आहे.