चोच बदलली, म्हणजे नवी प्रजाती झाली का?

प्रश्न : नैसर्गिक निवडीत असलेल्यांमधलेच काही टिकतात ना, मग नवीन प्रजाती येते कुठून? एखाद्या दिवशी एका प्रजातीच्या आईला दुसऱ्याच प्रजातीचं पिल्लू होतं की काय?

उत्तर : प्राण्यांत तरी सहसा तसं होत नाही हो, पिल्लू आईच्याच प्रजातीचं असतं. आणि निवड असलेल्यातूनच होते हे बरोबर, पण जे असतं तेच दर पिढीत किंचित बदलतं, डीएनएची कॉपी होताना चुका होतात, बऱ्याचशा चुकांनी काही बिघडत नाही, काही नडतात, एखादी कामाला येते.

पण नुसत्या निवडीने नवी प्रजाती होतेच असं नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापॅगोस द्वीपसमूहाच्या डॅफ्ने मेजर या इवल्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं वर्षानुवर्षं फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली दुष्काळ पडला, बारीक बिया संपल्या, मोठ्या टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त जगले आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरी मोठ्या निघाल्या. मग १९८३ला धो धो पाऊस, बारीक बियांचा सुकाळ, आणि निवड उलट्या दिशेने, छोट्या चोचीवाल्यांचं फावलं. म्हणजे अनुकूलन (परिस्थितीला जुळेल असा बदल) डोळ्यांदेखत झालं पण प्रजाती तीच राहिली, कारण सगळे एकमेकांतच जोड्या जमवत होते.

खरी मेख तिथेच आहे, एकाच प्रजातीच्या दोन गटांमधलं जोड्या जमणं कमी व्हायला हवं. मधे समुद्र किंवा डोंगर आला की ते आपोआप होतं, पण मला त्याहून भारी वाटते ती उत्तर अमेरिकेतली एक फळमाशी. ती हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फळांत अंडी घालायची. युरोपियन लोकांनी तिथे सफरचंद नेलं आणि १९व्या शतकाच्या मध्याला यातल्या काही माश्या सफरचंदावर आल्या. या माशीचे नर-मादी भेटतात ते फळावरच, आणि माशी साधारण ज्या फळात वाढली त्याच्याच वासाकडे ओढली जाते. त्यात सफरचंद पिकतं आधी, हॉथॉर्न नंतर, माशी जगते फार तर महिनाभर, त्यामुळे एका गटाचा सीझन संपत येतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. झाडं शेजारी शेजारी असली तरी भेटीगाठी कमी! दोन्ही गटांच्या जनुकांत फरक दिसायला लागलाय, पण थोडीफार सरमिसळ अजून चालू आहे, म्हणून त्यांना सहसा अजून दोन प्रजाती म्हणत नाहीत. आता यात तुमचा तो 'एखादा दिवस' कुठला धरायचा?

वनस्पती मात्र 'पिल्लू आईच्याच प्रजातीचं' हा नियम कधीकधी मोडतात. ट्रॅगोपोगॉन नावाची रानफुलं युरोपातून अमेरिकेत गेली, तिथे त्यांचा संकर झाला, गुणसूत्रांचा (पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांचा) संच दुप्पट झाला आणि २०व्या शतकात दोन नव्या प्रजाती तयार झाल्या. तिथे वाट बघावी लागली नाही.