रीमा लागूंचं विनोदी काम बघायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की रीमा लागू म्हणजे सलमानची आई, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. त्या विनोदी भूमिकाही करायच्या, हे कुणीतरी सांगितलं तर खरंच वाटलं नाही. आणि खरंच करत असतील तर आधी काय बघावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी नागपूरची. इथल्या हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करते आहे आणि रीमाताईंचं काम मी शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा बघितलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

थेट सांगायचं तर 'तू तू मैं मैं'पासून सुरुवात करा. १९९४ साली आलेली ही मालिका सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केली होती. सासू देवकी म्हणजे रीमाताई, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, आणि सासरे कुलदीप पवार. त्या वेळी रीमाताई छत्तीस वर्षांच्या होत्या आणि सून सत्तावीस वर्षांची. नऊ वर्षांच्या अंतरात त्यांनी एक अख्खी पिढी उभी केली, आणि बघताना हे कुणाच्या मनातही यायचं नाही.

आमच्या घरी ती मालिका लागायची तेव्हा आई कूलर बंद करायला लावायची. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसालाच कळेल. पण आमच्या कूलरचा आवाज इतका होता की टीव्हीवरचं बोलणं ऐकूच यायचं नाही, आणि देवकीचा एक शब्दही सुटलेला आईला चालायचा नाही. पलंगावर आजी, खाली चटईवर आई, दोघीही सासू-सून, दोघीही घामानं भिजलेल्या. आजी म्हणायची, "पाय ना, बरोबरच तर बोलून राहिली ते." आई काही बोलायची नाही, पण राधानं पलटवार केला की हसू पदरात दाबायची. त्या अर्ध्या तासात आमच्या घरातल्या कितीतरी न बोललेल्या गोष्टी बोलून झाल्या, असं मला आज वाटतं.

आता त्यांच्या कामाबद्दल. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात मला खाष्ट सासूची भूमिका होती. तालमीत मी भुवया उडवत होते, हात नाचवत होते, प्रत्येक वाक्यावर आवाज चढवत होते. दिग्दर्शकांनी थांबवून विचारलं, "ही बाई स्वतःला विनोदी समजते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी देवकी पुन्हा बघितली आणि त्यांचा प्रश्न तिथे कळला. देवकीला तिची तक्रार शंभर टक्के खरी वाटते. आपल्या हातचं घर निसटत चाललंय, मुलगा बायकोचं ऐकतोय, आपल्याला कुणी विचारत नाही, हे तिचं दुःख आहे आणि रीमाताई ते दुःख म्हणूनच करतात. आवाज चढतो तेव्हाही आत दुखावलेली बाई दिसते. हसू येतं ते कारण किती क्षुल्लक आहे ते आपल्याला दिसतं आणि तिला दिसत नाही, म्हणून. कलाकारानं 'बघा, मी गंमत करते आहे' असं एकदा जरी सुचवलं तरी हे सगळं कोसळतं. देवकी कुठेच तसं सुचवत नाही.

त्यानंतर 'श्रीमान श्रीमती' बघा. तिथे त्या कोकिला कुलकर्णी. नवरा केशव म्हणजे जतीन कनाकिया, शेजारी राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग. प्रत्येक नवऱ्याला शेजाऱ्याची बायको आवडते, एवढाच मालिकेचा पाया. बाकीचे तिघे भडक रंगात खेळतात, कारण भूमिकाच तशा आहेत. कोकी मात्र जमिनीवर उभी असते आणि तिच्यामुळे ते घर खरं वाटतं. हे काम कठीण असतं आणि टाळ्या दुसऱ्यांना मिळतात. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ती मालिका परत दाखवली, तेव्हा माझा मुलगा पहिल्यांदा बघत होता. तो जतीन कनाकियांवर हसत होता आणि मी कोकीचं ऐकणं बघत होते. समोरचा बोलत असताना ती किती नीट ऐकते, ते तुम्हीही बघा. अर्धा विनोद तिथेच आहे.

आता 'सलमानची आई' याबद्दल, कारण हे लेबल मला खटकतं. 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमानची आई होत्या, 'साजन'मध्येही होत्या. पण 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या माधुरीची आणि रेणुका शहाणेची आई आहेत. लोक हे सर्रास विसरतात. 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुहीची आई झाल्या तेव्हा तिशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. 'हम साथ साथ हैं'मधली आई तर सावत्र मुलाला घराबाहेर काढते, म्हणजे कैकेयीच. या सगळ्या भूमिका एका साच्यातल्या नाहीत. बघणाऱ्यानं त्यांना एका साच्यात टाकलं. फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन चार वेळा मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. याची मला आजही हळहळ वाटते.

विनोदी कामं बघून झाली की लगेच 'वास्तव' बघा, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. महेश मांजरेकरांचा हा सिनेमा १९९९चा. संजय दत्त रघू, रीमाताई त्याची आई शांता, वडील शिवाजी साटम. संजय दत्त आणि रीमाताई यांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर. रघू गळ्यातली सोन्याची साखळी आईला दाखवायला घरी येतो, तो प्रसंग सगळ्यांना त्याच्या संवादासाठी आठवतो. तुम्ही तेवढा वेळ फक्त आईकडे बघा. मुलगा घरी आल्याचा आनंद आणि त्या सोन्याची भीती, दोन्ही एकाच चेहऱ्यावर आहेत. शेवटी हीच आई त्याला स्वतःच्या हातानं गोळी घालते. मला तिथे देवकी आठवली, आणि यात मला काही विचित्र वाटत नाही. घर हातातून निसटणारी बाई दोन्हीकडे आहे. एकीकडे निसटतं ते स्वयंपाकघर, दुसरीकडे पोटचा मुलगा. रीमाताईंनी दोघींनाही सारख्याच गांभीर्यानं घेतलंय, म्हणून एकीवर हसू येतं आणि दुसरीपुढे श्वास अडकतो.

हे सगळं आलं ते रंगभूमीवरून. त्यांचं मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री. रीमाताईंनी १९७९पासून दहाएक वर्षं युनियन बँकेत नोकरी केली आणि ती सांभाळून अभिनय केला, बँकांच्या आपसांतल्या सांस्कृतिक कार्यक्रमांतही भाग घेतला. आम्हा हौशी मंडळींना हे फार जवळचं वाटतं. नागपुरातही वीज मंडळ, बँका, सरकारी कचेऱ्या इथली माणसं साडेपाचला फाईल मिटून तालमीला पोचत आली आहेत. त्याच काळात त्या 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग' अशा सिनेमांतही दिसतात, लहान कामांमध्ये. वेळ असेल तर शोधून बघा.

शेवटच्या काळातलं बघायचं असेल तर 'नामकरण'मधली दयावंती मेहता आहे. आईच्या प्रेमळ प्रतिमेला पुरती छेद देणारी, करड्या नजरेची म्हातारी. त्या मालिकेचं काम चालू असतानाच १८ मे २०१७ला त्या गेल्या. एकोणसाठावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

एक काम मात्र तुम्हाला आणि मला दोघांनाही बघता येणार नाही. जयवंत दळवींचं 'पुरुष', दिग्दर्शन विजया मेहतांचं. नाना पाटेकर गुलाबराव आणि रीमाताई अंबिका, अत्याचार झालेली आणि त्याचा सूड घेणारी शिक्षिका. माझी आत्या तेव्हा दादरला राहायची, तिनं ते पाहिलं होतं. ती सांगायची, नाटक संपल्यावर बाहेर येऊन नवऱ्याशी काही बोलावंसंच वाटलं नाही, दोघं मुकाट्यानं घरापर्यंत चालत गेले. पुढे ती सुट्टीत आमच्याकडे नागपूरला आली आणि संध्याकाळी आईनं कूलर बंद करून 'तू तू मैं मैं' लावलं. आत्या बराच वेळ हसली नाही. तिला देवकीत अंबिकाच दिसत होती. मग देवकी सुनेच्या कुठल्याशा भाजीवरून रुसून बसली, आजी "बरोबरच तर हाये" म्हणाली, आणि आत्या इतकी हसली की डोळे पुसायला तिनं पदर घेतला.