तुर्कस्तानातलं 'लाइक' : धर्मनिरपेक्ष, निधर्मी की इहवादी?

प्रश्न असा आला आहे : तुर्कस्तानच्या राजकारणावरच्या मराठी लेखांत आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या पक्षाला कुणी 'धर्मनिरपेक्ष' म्हणतं, कुणी 'निधर्मी', तर कुणी 'इहवादी'. तुर्क लोक स्वतः कोणता शब्द वापरतात, आणि मराठीत त्यासाठी काय लिहावं?

तुर्की विशेषण आहे 'लाइक' आणि त्याचं भाववाचक नाम 'लाइक्लिक'. आपल्या 'लायक'शी त्याचा काही संबंध नाही. तो अरबी शब्द तुर्कीतही वेगळा नांदतो आहे, जवळपास त्याच उच्चाराने आणि आपल्याच अर्थाने. 'लाइक' आला फ्रेंचमधून, आणि त्याचं मूळ ग्रीक 'लाओस' म्हणजे लोक, रयत या शब्दात आहे. चर्चमध्ये दीक्षा घेतलेला पाद्री वेगळा आणि बाकीचा सामान्य श्रद्धाळू वेगळा. या दुसऱ्याला ते विशेषण लागे. तो रोज प्रार्थना करत असला तरी 'लाइक'च. तेव्हा देव नाकारणं या शब्दाच्या मुळात कुठेच नाही. मुद्दा आहे तो धर्माधिकाराचा.

म्हणून 'निधर्मी' हा शब्द इथे चालणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. 'निधर्मी' म्हटलं की ज्याला धर्म नाही असा माणूस डोळ्यांपुढे येतो. तुर्कीत नेमका हाच घोळ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. ऑटोमन काळाच्या अखेरीस झिया ग्योकाल्प यांच्यासारख्या लेखकांनी या फ्रेंच शब्दासाठी 'लादीनी' असा प्रतिशब्द वापरला. 'ला' म्हणजे नाही आणि 'दीन' म्हणजे धर्म. ऐकणाऱ्याला त्यात धर्मविरोध ऐकू आला, आणि पुढे फ्रेंच शब्दच तुर्कीत रुळला. तरीही 'लाइक्लिक म्हणजे दिन्सिझलिक', म्हणजे धर्महीनता, हा आरोप तिथल्या धार्मिक पक्षांच्या समर्थकांकडून पिढ्यान् पिढ्या होत आला. मराठीत आपण 'निधर्मी' लिहितो तेव्हा नकळत त्या वादात एका बाजूची भाषा उचलतो. मला हे खटकतं ते यासाठी.

मग 'धर्मनिरपेक्ष'? आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत हाच शब्द आहे आणि तो सगळ्यांना कळतो. पण 'निरपेक्ष' म्हणजे ज्याला अपेक्षा नाही, जो दूर उभा आहे. तुर्कस्तानचं राज्य धर्मापासून दूर कधीच उभं राहिलं नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

3 मार्च 1924 रोजी अंकाराच्या राष्ट्रसभेने खिलाफत रद्द केली. (हिंदुस्थानात 1919पासून जिच्या रक्षणासाठी चळवळ चालली होती, तीच ही खिलाफत.) त्याच दिवशी शरियत आणि औकाफचं (म्हणजे धार्मिक इनामांचं) मंत्रालय मोडीत निघालं, सगळं शिक्षण एका मंत्रालयाच्या हाताखाली आलं, आणि 'दियानेत' हे सरकारी धर्मखातं जन्माला आलं. पुढच्या वर्षी सूफी पंथांचे दर्गे आणि मठ बंद झाले. 1928मध्ये 'राज्याचा धर्म इस्लाम' हे कलम घटनेतून गेलं आणि 1937मध्ये 'लाइक' हे विशेषण घटनेत शिरलं. पण दियानेत राहिलंच. मशिदींचे इमाम सरकारी नोकर, पगार सरकारी तिजोरीतून, शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूरही अंकाराहून तयार होऊन येतो. ज्या फ्रान्सकडून शब्द घेतला त्याच्या 1905च्या कायद्यात मात्र उलट लिहिलं आहे : प्रजासत्ताक कुठल्याही पंथाला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. शब्द एकच, पण फ्रान्समध्ये राज्याने चर्चशी फारकत घेतली, तर तुर्कस्तानात राज्याने मशिदीचा कारभारच हाती घेतला.

हा कारभार किती खोलवर होता ते अजानवरून कळतं. 1932पासून मिनारांवरून अरबीऐवजी तुर्की अजान देणं सुरू झालं. 'अल्लाहु अकबर'च्या जागी 'तान्री उलुदुर', देव महान आहे. अरबी अजान देणाऱ्याला पुढे शिक्षाही होऊ लागली. जून 1950मध्ये नवे पंतप्रधान मेंदेरेस यांचं सरकार आल्याबरोबर ही बंदी उठली. अजान कोणत्या भाषेत द्यायची हे ठरवणाऱ्या राज्याला 'धर्माबाबत तटस्थ' म्हणायला माझा हात धजत नाही.

आजची 1982ची घटना घ्या. दुसऱ्या कलमात प्रजासत्ताक 'लाइक' आहे, आणि ते कलम बदलण्याचा प्रस्तावसुद्धा मांडता येत नाही, असं चौथं कलम सांगतं. चोविसाव्या कलमाने शाळांत धर्मसंस्कृती आणि नीतिशिक्षणाचा तास सक्तीचा केला. एकशेछत्तिसावं कलम तर सांगतं की दियानेतने आपलं काम लाइक्लिकच्या तत्त्वानुसारच करायचं! मराठी वाचकाला हा वदतोव्याघात वाटेल. 'धर्मनिरपेक्षतेच्या तत्त्वानुसार चालणारं धर्मखातं' असं भाषांतर केलं तर वाटणारच. 'धर्मसत्ता राज्याच्या ताब्यात' हा अर्थ धरला की कलम सरळ लागतं. या व्यवस्थेचा खरा काच अलेवींना, म्हणजे सुन्नींपेक्षा वेगळी उपासना असलेल्या तिथल्या अल्पसंख्य मुस्लिम पंथाला, आहे. दियानेतचा इस्लाम सुन्नी आहे. अलेवींच्या 'जेमएवी'ला, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या घराला, मशिदीचा दर्जा नाही. 2022मध्ये त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय निघालं तेही संस्कृती मंत्रालयाखाली. आपला 'सर्वधर्मसमभाव' तुर्कस्तानला का लागू पडत नाही हे यावरून दिसेल. तो शब्द त्या संदर्भात अजिबात वापरू नये.

एर्दोआन यांनी या शब्दाचा अर्थ दुसऱ्या दिशेने ओढला. सप्टेंबर 2011मध्ये कैरोच्या भेटीत त्यांनी इजिप्तला लाइक घटनेची शिफारस केली आणि सांगितलं की व्यक्ती लाइक नसते, राज्य असतं. 'मी स्वतः लाइक नाही, मुसलमान आहे, पण एका लाइक देशाचा पंतप्रधान आहे,' असं ते म्हणाले. इजिप्तमधल्या मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेच्या लोकांना हे रुचलं नाही. शब्दाच्या दृष्टीने पाहिलं तर मूळ अर्थाने पाद्री नसलेला प्रत्येक जण 'लाइक'च असायचा. इथे त्याच शब्दापासून एका भाविक माणसाला स्वतःला वेगळं काढावंसं वाटलं. त्यामागे इतिहास आहे. 1998मध्ये माजी पंतप्रधान एर्बाकान यांचा रेफाह हा इस्लामी पक्ष लाइक्लिकविरोधी कारवायांचं केंद्र ठरवून घटना न्यायालयाने बंद केला. 2008मध्ये एर्दोआन यांच्या पक्षावर तीच वेळ आली होती; अकरापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते, लागत होते सात, म्हणून पक्ष वाचला. ज्या शब्दाच्या आधारे पक्ष बंद होतात त्याचा अर्थ कुणी सहजासहजी दुसऱ्याच्या हाती सोडत नाही. एप्रिल 2016मध्ये संसदेचे अध्यक्ष इस्माइल कहरामान म्हणाले की नव्या घटनेत हा शब्द नसावा, तेव्हा गदारोळ झाला आणि एर्दोआन यांनीही त्यांच्यापासून अंतर राखलं.

या झगड्यातून आणखी दोन शब्द निघाले. एक 'लाइकची'. हा '-ची' प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. 'मशालची' आणि 'तोफची' या शब्दांत तोच बसला आहे. 'लाइकची' म्हणजे लाइक्लिकचा हट्ट धरणारा, ती दुसऱ्यावर लादणारा. शब्द टीकेचा आहे, म्हणून बातमीत आपल्या तोंडी घालू नये. दुसरा 'सेक्युलेर', हा अलीकडे माणसांविषयी, त्यांच्या राहणीविषयी वापरतात. इझमीर शहरातलं एखादं कुटुंब नमाज-रोजा पाळत नाही, तर ते 'सेक्युलेर'. इथे मराठी 'इहवादी' किंवा 'ऐहिक वृत्तीचं' शोभतं. राज्याविषयी लिहिताना मी पहिल्या उल्लेखाला 'लाइक' ठेवीन, पुढे एका वाक्यात 'धर्मसंस्थांवर राज्याचा ताबा ठेवणारी धर्मनिरपेक्षता' असा खुलासा करीन, आणि त्यानंतर 'धर्मनिरपेक्ष' खुशाल वापरीन. खुलासा एकदा झाला की वाचक फसत नाही.

प्रश्नात नसलेला, पण याच बातम्यांत हमखास भेटणारा शब्द म्हणजे 'तुर्बान'. त्याला पगडी किंवा फेटा समजू नये. आजीच्या डोक्यावरच्या साध्या रुमालाला तुर्कीत 'बाशओर्तुसू' म्हणतात, शब्दशः डोक्याचं आच्छादन. 1980च्या दशकात विद्यापीठांत जाणाऱ्या मुलींच्या घट्ट बांधलेल्या आच्छादनाला 'तुर्बान' हे वेगळं नाव पडलं. विरोधकांना त्यात राजकीय खूण दिसे, बांधणाऱ्या मुली बहुधा 'बाशओर्तुसू'च म्हणत. मे 1999मध्ये मेर्वे कावाकची संसदेवर निवडून येऊन डोकं झाकून शपथेला आल्या तेव्हा पंतप्रधान बुलेंत एजेवित सभागृहात उठून म्हणाले की या बाईंना त्यांची 'हद्द' दाखवून द्या. तुर्कीतला 'हद' आणि आपली 'हद्द' एकच, तेव्हा या वाक्यातला राग मराठीत जसाच्या तसा येतो. कावाकची यांना शपथ घेता आली नाही. सरकारी नोकरीतली बंदी बऱ्याच अंशी उठली ती 2013मध्ये. मराठीत दोन्ही शब्दांसाठी 'डोक्यावरचा रुमाल' किंवा नुसतं 'शिरोवस्त्र' लिहावं, आणि बोलणाऱ्याने मुद्दाम 'तुर्बान' म्हटलं असेल तर तो शब्द अवतरणात ठेवावा.