वाचक विचारतात : पॅरा कमांडो घडतो कसा?

प्रश्न : सर, मी सिन्नरचा, वय १९. दोन टाइम जिम करतो, बॉडी मस्त झालीय. मला डायरेक्ट पॅरा कमांडोच व्हायचंय, काय करू?

उत्तर : मित्रा, इच्छा चांगली आहे, पण बॉडीचं कौतुक जरा बाजूला ठेव आणि आधी पळायला लाग. अग्निवीर भरतीच्या ग्राउंडवर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० मार्क, १० पुलअप्सला ४०, दंडाचा घेर तिथं कोणी मोजत नाही. आणि डायरेक्ट कमांडो म्हणून कोणालाच घेत नाहीत, आधी साधा शिपाई व्हायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं, जबरदस्ती कोणावरच नसते, आणि मग सुरू होतं प्रोबेशन, म्हणजे कमांडो निवडायची चाचणी. त्यात झोप जवळपास नाहीच, पाठीवर पिठ्ठू म्हणजे सामानाची जड पिशवी, हातात रायफल, रात्रभर चाल, पायाला फोड आलेले असतात ते फुटतात आणि तसंच पुढं चालायचं, आणि मधेच उस्ताद नकाशा पुढं करून विचारणार की आत्ता आपण कुठं आहोत. तेव्हा ताकद सगळ्यांचीच संपलेली असते. त्या अवस्थेत पोरगा डोकं शांत ठेवतो का, शेजारचा लंगडत असेल तर त्याचं ओझं घेतो का, हे बघतात. माझ्या मते खरी परीक्षा हीच, पळणं वगैरे नुसती एन्ट्री.

पॅराशूटचं ट्रेनिंग आग्र्याला, एअर फोर्सच्या स्कूलमध्ये. विमानात बसवायच्या आधी जमिनीवरच पडायला शिकवतात, दोन्ही पाय आणि गुडघे घट्ट जुळवून टेकायचं आणि लगेच कुशीवर लोळायचं, पाय फाकले की घोटा गेलाच समज. मग पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, तेव्हा कुठं छातीवर विंग, म्हणजे पॅराशूटवाल्यांचा बिल्ला, लागते. तू पहाटे उठून पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लाग, हळूहळू पाठीवर वजन वाढव, गुडघे सांभाळून. आणि अभ्यास सोडू नको, लेखी परीक्षेत उडालेली दणकट पोरं मी खूप बघितलीत.

प्रश्न : आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याचे जवान रोज दिसतात. पण हे कमांडो आपल्या आर्मीत कधी आले? आणि मराठ्यांचा त्यात काही वाटा आहे का?

उत्तर : वाटा आहे आणि चांगला मोठा आहे, ताई. ५० वी पॅराशूट ब्रिगेड १९४१ मध्ये उभी राहिली. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला या ब्रिगेडनं जपान्यांना अडवून धरलं, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण त्यांच्या सोबत होती. पुढं मराठ्यांची तिसरी पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, तीच आजची २ पॅरा, ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलला उतरली ती हीच.

कमांडोंची गोष्ट १९६५ च्या युद्धातली. मेजर मेघसिंग यांनी निवडक जवान घेऊन शत्रूच्या मागं घुसून काम करणारी छोटी तुकडी बांधली, मेघदूत फोर्स. ते इतकं जमलं की १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो उभी राहिली, पुढच्या वर्षी १० पॅरा, एक डोंगरासाठी आणि एक वाळवंटासाठी. १९७१ ला १० पॅरानं जयपूरच्या भवानीसिंगांच्या हाताखाली गाड्या घेऊन सिंधमधल्या छाछरोवर रात्री छापा घातला, सीमेपासून बरंच आत, त्यांना महावीर चक्र मिळालं. आणि तुम्ही तोफांच्या गावातल्या म्हणून मुद्दाम सांगतो, त्याच डिसेंबरात ९ पॅराची पोरं पूंछजवळची गारठलेली नदी ओलांडून मंढोलला गेली आणि पूंछवर मारा करणाऱ्या पाकिस्तानी तोफा तिथंच स्फोटकं लावून उडवल्या. बॉम्बर विमान नाही, रणगाडा नाही, पायी गेलेली माणसं!

आजची २१ पॅरा एसएफ (स्पेशल फोर्सेस, म्हणजे कमांडो पलटण) म्हणजे पूर्वीची २१ मराठा. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळ याच पलटणीचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक नंतर स्वतः आर्मीत ऑफिसर झाल्या.

प्रश्न : माझा मुलगा प्रोबेशनमधून परत आपल्या पलटणीत आला. गावात लोक फेल झाला म्हणतात, तो सुट्टीवर आला तरी घराबाहेर पडत नाही. काय करू? (एक आई, निफाड)

उत्तर : काकू, लोकांना सांगा की तिथून बहुतेक जण परतच येतात. कोणाचा गुडघा जातो, कोणाला ताप भरतो, कोणाचं त्या दिवशी नुसतं जमत नाही. चांगले शिपाई असतात सगळे, आणि त्यांची मूळ पलटण त्यांना परत घेते, पुन्हा बंदूक हातात देते, सीमेवर उभं करते. ज्यांना जमलं नाही असं गाव म्हणतंय त्यातल्या कितीतरी जणांनी आधी स्वतःहून हात वर केला होता, हे गाव विसरतं. त्याला 'काय झालं' असं विचारत बसू नका, जेवायला नीट घाला, त्याला झोपू द्या, पायाचं दुखणं असेल तर मिलिटरी हॉस्पिटलला दाखवायला सांगा, तो लपवत असेल. बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल, आणि तुमच्याशी नाही बोलला तर गावातल्या एखाद्या रिटायर्ड फौजीकडं पाठवा, त्यांना सांगायला जास्त सोपं जातं.