बंद पडलेल्या कंपनीतल्या ॲस्बेस्टॉसमुळे काकांना कॅन्सर झालाय, आता भरपाई कुणाकडे मागायची?

तुम्ही लिहिलंय की काका तरुणपणी सात-आठ वर्षं बॉयलर आणि स्टीमच्या पाइपांवर लॅगिंगचं, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा थर चढवायचं काम करायचे, आता इतक्या वर्षांनी मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) निघालाय, ती कंपनी कधीच बंद पडली आणि घरातले सगळे म्हणतायत की आता कोण देणार पैसे, सोडून द्या. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, पण माझ्या बाबांचं अगदी हेच झालं होतं, तेच काम आणि तोच आजार, आणि कागदांची सगळी पळापळ मी एकटीने केली, त्यामुळे जे ठेचा खाऊन कळलं ते सांगते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सोडून देऊ नका. इतक्या वर्षांनी म्हणजे उशीर झाला असं या आजारात नसतंच. मेसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसची धूळ नाकात गेल्यावर वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षांनी वर येतो, आणि हे कोर्टांना माहीत आहे, म्हणून बऱ्याच देशांत मुदतीचं घड्याळ काम सोडल्याच्या दिवसापासून नाही तर आजार कळल्याच्या दिवसापासून सुरू होतं. ब्रिटनमध्ये उदाहरणार्थ कळल्यापासून तीन वर्षं. पण सगळीकडे असं सरळ नाहीये, काही ठिकाणी मुदत कमी आहे, काही ठिकाणी नोकरी सुटल्यापासून मोजतात, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवरची तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा आणि तुमच्याकडे किती दिवस आहेत हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. पैसे किती मिळतील हा नंतरचा.

आता खरी गोष्ट. आजार सिद्ध करायला डॉक्टर आहेत, रिपोर्ट आहेत. पण धूळ कुठली, कुठे, किती वर्षं आणि कुणाच्या कामावर लागली हे सिद्ध करायला फक्त काका आहेत, आणि हा आजार असा आहे की बहुतेक लोकांना निदान झाल्यावर साधारण वर्षभराचाच वेळ मिळतो. कठोर वाटेल, पण तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा पुरावा सध्या आतल्या खोलीत ऑक्सिजन लावून झोपलाय आणि तो दिवसेंदिवस दमत चाललाय.

आम्ही इथेच चुकलो. पहिले तीन महिने फक्त दवाखाना केला. बाबांच्या छातीत पाणी झालं होतं, आधी टीबीची औषधं चालली, मग पाणी काढलं, परत भरलं, मग बायोप्सी. आणि केसपेपरवर व्यवसाय या रकान्यात काय लिहिलेलं? रिटायर्ड. बस्स. तीन महिन्यांत एकाही डॉक्टरने विचारलं नाही की तुम्ही काम काय करायचात. आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हाला तरी कुठे माहीत होतं. तर तुम्ही हे करा, पुढच्या वेळी जाल तेव्हा डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या की पेशंटने अमुक वर्षं ॲस्बेस्टॉसच्या लॅगिंगचं काम केलंय. फुकट होणारं काम आहे आणि पुढे फार उपयोगी पडतं. दुसरं, बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवतात, तो ब्लॉक आणि स्लाइड्स फेकू नका असं लॅबला लेखी द्या. समोरची पार्टी कधीकधी म्हणते की हा मेसोथेलिओमा नाहीच, साधा फुप्फुसाचा कॅन्सर आहे, मग तोच ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावा लागतो.

मग कामाचा इतिहास. मी वही घेऊन बसले आणि विचारलं, बाबा, कुठल्या साली कुठे होतात? काहीच नाही, नुसते छताकडे बघत बसले. दोन दिवस असेच गेले. मग आई म्हणाली साल कशाला विचारतेस, आधी काय नंतर काय ते विचार. तर मी विचारलं, माझ्या जन्माच्या आधी की नंतर? लगेच म्हणाले, तू झालीस तेव्हा मी मोठ्या बॉयलरवर होतो, निरोप आला तेव्हा हात कोपरापर्यंत भरलेले होते. कशाने भरलेले? आणि मग सगळं बाहेर आलं. ॲस्बेस्टॉसची पोती फाडून ड्रममध्ये रिकामी करायची, पाणी ओतायचं, हाताने कालवायचं कणकेसारखं आणि ओलं असतानाच पाइपावर थापायचं. ओलं होतं तोवर बरं, म्हणाले, खरा त्रास जुनं लॅगिंग काढताना व्हायचा, करवतीने कापायचं, हातोडीने झोडायचं, शेजारी उभा असलेला माणूस दिसायचा नाही. तोंडाला काय बांधायचात? रुमाल, तो पण घाम पुसायला.

मी हे जसंच्या तसं लिहिलं आणि मोबाइलवर रेकॉर्डही केलं. वकिलाने नंतर सांगितलं की केस त्या ड्रमवर उभी राहिली, कारण "धुळीत काम केलं" असं कोणीही म्हणतं, पण पोतं कसं फाडायचं, दिवसाला किती पोती लागायची, खोलीला खिडकी होती का, साहेब कुठे उभा राहायचा, हे ज्याने केलंय तोच सांगतो. काकांना तसं विचारा. रंग विचारा, निळसर होतं की पांढरं की तपकिरी, कारण ॲस्बेस्टॉसचे हे वेगवेगळे प्रकार आहेत आणि निळं म्हणजे क्रोसिडोलाइट मेसोथेलिओमाच्या बाबतीत सगळ्यात वाईट समजतात. कोणी म्हणालं की पांढरं निरुपद्रवी असतं तर ऐकून घेऊ नका, सगळेच प्रकार कॅन्सर करतात असं डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे.

मग हे सगळं वकिलासमोर किंवा नोटरीसमोर सही करून पक्कं करा, आणि शक्य असेल तर रीतसर साक्ष घरी येऊन नोंदवून घ्यायचा अर्ज करा. अमेरिकेत क्लॅरेन्स बोरेल म्हणून एक इन्सुलेशन कामगार होता, काकांच्याच लाइनमधला, १९३६ पासून १९६९ पर्यंत हेच काम. त्याने ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपन्यांवर केस केली आणि केस उभी राहायच्या आधीच गेला. पण त्याची साक्ष आधी घेऊन ठेवली होती. त्यात त्याने सांगितलं होतं की आम्ही कामगार आपसात बोलायचो की ही धूळ वाईट असेल का, आणि सगळे म्हणायचे की ती फुप्फुसात गेली की विरघळून जाते. १९७३ साली अपील कोर्टाने निकाल दिला की धोक्याची सूचना न देणारे उत्पादक जबाबदार आहेत, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा केसेसची रांग लागली. माणूस गेलेला, तरी शब्द कामाला आले.

कागद काय शोधायचे तर पगाराच्या स्लिपा, गेटपास, युनियनच्या पावत्या, पेन्शन किंवा कामगार विम्याच्या नोंदी, एखादा ग्रुप फोटो. काका कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर असतील तर कारखाना म्हणेल हा आमचा माणूसच नाही, तेव्हा सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं घ्या की हा याच बॉयलरवर होता. आम्हाला असे दोनच जण जिवंत सापडले. भारतात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल निकाल दिला त्यात कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा असा आदेश आहे. प्रत्यक्षात कोण किती ठेवतं ते विचारू नका, पण लेखी मागणी करा, कारण त्यांनी दिलं नाही तर तेही तुमच्याच बाजूने सांगता येतं.

बरं, पैसे देणार कोण. कंपनी बंद पडली तरी तिचा त्या काळातला विमा बंद पडत नाही, म्हणजे ज्या वर्षी धूळ लागली त्या वर्षी कामगारांचा विमा कोणाकडे होता ते शोधायचं. आमच्या केसमध्ये शेवटी तसंच झालं, विमा कंपनीने दिले, बाबा गेल्यावर चौदा महिन्यांनी. शिवाय ती कंपनी कोणी विकत घेतली का, आई-कंपनी कुठे आहे तेही बघा, दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो खाणकामगारांनी ब्रिटनमधल्या केप या मूळ कंपनीवर तिथेच केस चालवायची परवानगी २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सकडून, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाकडून, मिळवली होती. कामगार विमा असेल तर तिथला अर्ज वेगळा, त्यात कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, रक्कम मात्र बेताची. काही देशांत सरकारी फंड आहेत, फ्रान्समध्ये आहे, जपानने अमागासाकीतल्या एका जुन्या कारखान्याच्या आसपासच्या रहिवाशांनाही मेसोथेलिओमा झाल्याचं २००५ साली बाहेर आल्यावर पुढच्याच वर्षी कायदा केला, ब्रिटनने २०१४ मध्ये अशांसाठी स्कीम काढली ज्यांचा मालकही सापडत नाही आणि विमा कंपनीही नाही, आणि तिचे पैसे विमा कंपन्यांकडूनच वसूल करतात. अमेरिकेत जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीने १९८२ साली दिवाळखोरीचा अर्ज टाकला, चांगली चालती कंपनी असून, फक्त दाव्यांच्या भीतीने, आणि त्यातून १९८८ मध्ये आजारी लोकांना भरपाई देणारा ट्रस्ट उभा राहिला. मग बाकीच्यांनीही तेच केलं. काका कधी जहाजावर किंवा परदेशात कामाला होते का हे म्हणूनच विचारा. पण ट्रस्टचं एक गौडबंगाल आहे, कागदावर तुमच्या आजाराची किंमत अमुक लिहिलेली असते आणि हातात त्याचा छोटासा टक्का येतो, कारण पुढे येणाऱ्यांसाठी पैसे राखून ठेवायचे असतात. एजंट तुम्हाला पहिला आकडा सांगेल, तुम्ही दुसरा विचारा.

काकांनी दोन-तीन ठिकाणी काम केलं असेल तर प्रत्येक मालक म्हणणार की ज्याने कॅन्सर झाला तो ॲस्बेस्टॉसचा धागा आमच्याकडचा होता हे दाखवा. विज्ञानाला ते कधीच दाखवता येत नाही. यावर ब्रिटनमध्ये २००२ साली फेअरचाइल्ड नावाच्या केसमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नेमका कोणाचा धागा हे सांगता येत नाही म्हणून कामगाराला रिकाम्या हाताने पाठवता येणार नाही, ज्याने ज्याने धोका वाढवला तो जबाबदार. तुमच्या देशात हा निकाल बंधनकारक नसेल, तरी वकिलाच्या कानावर घाला.

सिगारेट. काका ओढत असतील तर समोरचे तेच धरून बसतील. मेसोथेलिओमाचा सिगारेटशी संबंध नाही, पूर्णविराम. फुप्फुसाच्या कॅन्सरचं वेगळं, तिथे धूर आणि ॲस्बेस्टॉस मिळून धोका कितीतरी पटींनी वाढतो, रक्कम कापली जाऊ शकते, पण दावा उडत नाही.

आणि घाईत सही करू नका. बाबांच्या सोबतच्या एकाला आधी नुसतं ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुस कडक होण्याचा आजार, निघालं होतं, कंपनीचा माणूस घरी पाकीट घेऊन आला, फुल अँड फायनल लिहून घेतलं, चार वर्षांनी कॅन्सर झाला तेव्हा दार बंद. पुढे आजार वाढला तर परत मागता येईल असं वाक्य कागदात नसेल तर सही नाही. वकिलाची फी टक्क्यात असेल तर टक्का कशावर, एकूण रकमेवर की खर्च वजा जाऊन, हे आधी लिहून घ्या. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये स्वतःहून येऊन कार्ड देणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन.

एक बोलायला अवघड गोष्ट. काका गेले तर दाखल्यावर मृत्यूचं कारण नुसतं हृदय बंद पडलं असं लिहू देऊ नका, मेसोथेलिओमा हा शब्द हवा, नाहीतर मागे राहिलेल्यांचा दावा अडकतो. आम्ही तो दाखला दुरुस्त करून घेण्यात पाच महिने घालवले.

काकूंचीही छाती तपासून घ्या. कारखान्यात कधी पाय न ठेवलेल्या, फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार होतो हे लंडनच्या अभ्यासात १९६५ सालीच दिसलं होतं. माझी आई बाबांचा शर्ट दारातच झटकायची, घरात धूळ नको म्हणून, आणि मी तिथेच पायरीवर खेळत असायचे. आमचे दोघींचे रिपोर्ट आत्तापर्यंत ठीक आहेत. दरवर्षी करतो.

कमेंटमध्ये लिहा की देश कुठला आणि काका थेट कामगार होते की कॉन्ट्रॅक्टरचे, मग अर्ज कुठे करायचा ते जास्त नेमकं सांगता येईल. तोवर काकांना बरं वाटेल अशा वेळी, बहुतेक सकाळी, पोत्यापासून सुरुवात करा. पोत्यावर काय छापलेलं होतं ते विचारा. बाबांना साल आठवत नव्हतं, पण शिक्का आठवत होता.